कोंडीराम पेंटरांची कोरी भिंत

वाघोलीत फ्लॅट घेतला तेव्हा नारायण पेठेतल्या मित्रांनी मला निरोप द्यावा तसा चहा पाजला. "अधूनमधून पुण्याला येत जा," असं एक जण म्हणाला, आणि तो थट्टा करत नव्हता. साल एकोणीसशे नव्व्याण्णव. मी बँकेत होतो, घरकर्ज बँकच देत होती, आणि पेठेतल्या घरमालकाशी वीस वर्षं नळाच्या पाण्यावरून भांडून झालं होतं. म्हटलं, आता नवीन माणसांशी भांडू.

आमच्या इमारतीसमोर, नगर रस्त्याला अगदी खेटून, एक बैठं घर होतं. त्या काळी नगर रस्त्यावर एक भिंत मोकळी म्हणून सापडत नव्हती. सिमेंट, बियाणं, मूळव्याध, इंजिनिअरिंग कॉलेज, आणि पाठोपाठ मोबाइल. भिंतीच्या मालकाला न विचारताही लोक लिहून जात. या घराची रस्त्याकडची भिंत मात्र पांढरी फटक होती. दर दिवाळीला तिला चुन्याचा हात बसे, बाकी तिच्यावर टिंबसुद्धा नव्हतं. चौकशी केल्यावर कळलं की घरमालक धंद्यानं पेंटर आहेत. हे माझ्या पेठी मनाला फारच खटकलं. दुसऱ्या दिवशी मी विचारायला गेलो. विचारायला म्हणजे, चूक दाखवायला.

"अहो, पेंटर ना आपण? मग स्वतःच्या भिंतीवर स्वतःची पाटी नाही?"

कोंडीराम ओट्यावर बसून शिंदीची काडी चेचून तिचा कुंचला करत होते. वर न बघता म्हणाले, "ती भिंत बुक हाय."

"कोणी केली?"

त्यांनी काडीनंच अंगणाकडे खूण केली. अंगणात पंधराएक वर्षांची मुलगी, हात काळे करून, सायकलची पडलेली चेन बसवत होती. ती भाग्यश्री. कोंडीरामांची एकुलती एक.

मग मला सगळं सांगण्यात आलं. कोंडीराम लग्नघरं रंगवत. त्यांचे वडील, आजोबा, सगळे चितारी. लग्न ठरलं की घराच्या पुढच्या भिंतीवर दाराच्या एका अंगाला भालदार, दुसऱ्या अंगाला चोपदार, वर गणपती, बाजूला हत्ती, मोर, केळीचे खांब, आणि हळदीच्या दिवशी सर्वांत शेवटी वधूवरांची नावं, हातभर उंचीची. वाघोलीपासून पार शिक्रापुरापर्यंत त्यांनी रंगवलेली घरं होती. गेरू, पिवडी, नीळ, काजळी आणि चुना हे पाच रंग, आणि त्यांत चिंचोक्याची खळ. एकदा नाव लिहिलं की ते पुसायचं नाही, हा घराण्याचा नेम. "दहा पावसाळे न्हाई हलत," ते सांगत. माझ्या फ्लॅटचा बाहेरचा रंग दुसऱ्या पावसाळ्यात हलला होता, त्यामुळे मी गप्प बसलो.

चित्रं कशी होती? भालदार-चोपदार उत्तम. डोळे असे की चोरानं माघारी जावं. हत्ती मात्र कोंडीरामांनी आयुष्यात जवळून पाहिलेला नव्हता. त्यांचा हत्ती म्हशीवर बेतलेला होता आणि गाभण वाटे. मी तसं सांगितलं, तर म्हणाले, "लग्नाघरी गाभण बरी असतीय."

त्यांचं खरं कौशल्य मिशांत होतं. त्या भागात अशी रीत पडून गेली होती की भालदाराला मिशा नवऱ्या मुलाच्या मामाच्या द्यायच्या. मामाचा मान. मामा आदल्या दिवशी येई, स्वतःच्या मिशा भिंतीवर बघे, आणि निम्मे रुसवे तिथल्या तिथे मिटत. एका लग्नात मुलाला दोन मामा निघाले. थोरला भालदार झाला, धाकटा चोपदार. पण कोंडीरामांच्या हातून चोपदाराच्या मिशा बोटभर लांब गेल्या. थोरला मामा पिशवी उचलून एसटीच्या थांब्यावर जाऊन बसला. भर मांडवात शिडी लावून त्याच्या मिशा कानापर्यंत नेल्या, तेव्हा तो अक्षतांना आला.

असा हा माणूस, आणि घरची भिंत त्यानं लेकीच्या लग्नासाठी राखून ठेवली होती. मोबाइल कंपनीचे लोक आले, वर्षाचं भाडं देऊ म्हणाले. बिल्डरचे आले. एका उमेदवाराचे कार्यकर्ते न विचारताच रंगाचा डबा घेऊन आले, तर कोंडीरामांची बायको मुक्ताई उंबऱ्यात मुसळ घेऊन बसली. "आमच्या भाग्याचं लगीन हाय हितं," एवढंच ती म्हणे. भाग्या तेव्हा अकरावीत होती.

पुढं भाग्यश्री वाघोलीतल्याच कॉलेजात इंजिनिअर झाली आणि खराडीच्या एका आयटी कंपनीत लागली. सकाळी कंपनीची बस घरासमोर थांबे, आणि गळ्यात कार्ड अडकवून ही पोरगी त्या कोऱ्या भिंतीसमोरून बसमध्ये चढे. गावातल्या जमिनी विकल्या गेल्या, बंगले झाले, बंगल्यांच्या भिंतींना महागडं टेक्शर आलं. टेक्शरवर कुंचला चालत नाही. शहाणी माणसं फ्लेक्स छापून लावू लागली, त्यावर नवरा-नवरीच्या फोटोशेजारी गावच्या चौदा नेत्यांचे फोटो. कोंडीरामांना वर्षाला दोन भिंती मिळाल्या तर मिळाल्या. आता सगळा जीव त्या एका भिंतीत उरला होता. स्थळं येत, भाग्यश्री नाही म्हणे. कारण विचारलं की म्हणे, "आप्पा, आत्ता प्रोजेक्ट आहे." हा प्रोजेक्ट तीन वर्षं चालला.

दोन हजार नऊच्या जानेवारीत टेप घेऊन माणसं आली. रस्ता रुंद होणार होता. त्यांनी मोजलं आणि त्या पांढऱ्या भिंतीवर लाल रंगात बाणासह आकडा काढला. घराचा सात फूट भाग जाणार. भिंत तर जाणारच. मी धावत खाली गेलो, म्हटलं म्हातारा कोसळला असेल. कोंडीराम भिंतीसमोर उभे होते.

"बघा साहेब, सात कसा काढलाय. ह्याला सात म्हनत्यात व्हय?"

रात्री मात्र ते जेवले नाहीत, असं मुक्ताईनं दुसऱ्या दिवशी सांगितलं.

त्यानंतर सुरू झाला तो प्रकार मी जन्मात विसरणार नाही. लोक मुलीचं वय वाढतं म्हणून घाई करतात, कोंडीराम रस्ता वाढतो म्हणून करू लागले. भिंत पडायच्या आत पोरगी उजवायची. त्यांनी दोन महिन्यांत नऊ स्थळं आणली, आणि प्रत्येक स्थळाची पहिली चौकशी एकच, नाव काय? कारण भिंतीत एक खिडकी होती. डाव्या बाजूला 'भाग्यश्री' नीट बसत होतं, पण उजवीकडे खिडकी आणि दार यांच्यामध्ये जागा चारच अक्षरांची. चंद्रशेखर नावाचा एक सरकारी नोकरीतला मुलगा, घरचं बागाईत, त्यांनी नाव ऐकूनच हळहळत सोडून दिला. "खिडकीवर जातोय," म्हणाले. विक्रम नावाचा एक त्यांना फार आवडला होता. मुक्ताईनं त्या मुलाच्या दारूचा विषय काढला तेव्हा म्हणाले, "पर अक्षार कसं देखणं येतंय."

मला त्यांचा रागच आला. एवढा सरळ माणूस, आणि पोरीचा नवरा अक्षरं मोजून शोधतो?

शेवटी एका रविवारी त्यांनी मला मध्यस्थ म्हणून घरी नेलं. "तुम्ही शिकल्यालं हाय. तुम्ही सांगा तिला." मी खाकरलो, पोहे खाल्ले, आणि भाग्यश्रीला म्हटलं, "अगं, वडलांची एवढीच इच्छा आहे. लग्न कर, म्हणजे भिंत होईल."

"काका, मला लग्नाचा प्रॉब्लेमच नाहीये," ती म्हणाली. "मला भिंतीचा प्रॉब्लेम आहे."

मग ती कोंडीरामांकडे वळली.

"आप्पा, तुम्ही दीपमालाच्या दारावरून रोज जाता ना? काय दिसतं तुम्हाला?"

"मोर," कोंडीराम म्हणाले. "चांगला झालाय."

"मला नावं दिसतात."

दीपमाला म्हणजे मागच्या आळीतल्या हिंमतरावांची मुलगी, भाग्यश्रीची बालमैत्रीण. दोन हजार दोनमध्ये लग्न झालं, चौदा महिन्यांत परत आली. का आली ते सांगण्यासारखं नव्हतं, आणि सासरी परत जाण्यासारखंही नव्हतं. कॉलेजच्या ऑफिसात नोकरी करत होती. आणि तिच्या घराच्या दर्शनी भिंतीवर अजून हातभर अक्षरांत 'चि. योगेश व चि. सौ. कां. दीपमाला' होतं. हिंमतरावांनी रंगरंगोटी काढली नाही, कारण लग्नाची नावं पुसू नयेत आणि पुसली तर लोक काय म्हणतील. आणि आपणहून ती नावं जात नव्हती, कारण कोंडीरामांनी लिहिली होती.

"सहा वर्षं ती त्या माणसाच्या नावाखालून घरात जाते," भाग्यश्री म्हणाली. "मी कोणाशी लग्न करीन, आणि चालेलही. किंवा नाही चालणार. पण नगर रोडवर, लाख लोकांसमोर, दहा पावसाळे? मला भीती वाटते, आप्पा."

माझ्या बशीत उरलेले पोहे तसेच राहिले, आणि मला स्वतःची लाज वाटली, कारण मीही त्या दारावरून रोज जात होतो आणि मलाही मोरच दिसला होता.

दोन दिवसांनी मागच्या आळीतून खरवडण्याचा आवाज येऊ लागला. कोंडीराम हिंमतरावांच्या भिंतीला तारेचा ब्रश लावून बसले होते. हिंमतराव पलीकडे उभे राहून, "अहो, राहू द्या, लोक काय म्हणतील," असं म्हणत होते. कोंडीराम म्हणाले, "सा वर्सं म्हनत्यातच की. आता दुसरं कायतरी म्हनू द्या."

पण अक्षर हलेना. दुपारपर्यंत 'योगेश'चा नुसता काना फिका झाला. दीपमाला चहा घेऊन बाहेर आली.

"काका, नखं झिजवू नका. मी रॉकेल, ॲसिड, खाण्याचा सोडा, सगळं करून बसलेय. चुना मारला तर पावसात धुऊन जातो आणि नावं परत वर येतात. तुमचा माल फार चांगला."

चाळीस वर्षं लोकांनी कामाचं कौतुक केलं, तेव्हा कोंडीराम नुसते मान हलवायचे. या कौतुकावर त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मग ते घरी जाऊन छन्नी घेऊन आले आणि तेवढा गिलावाच उतरवला. नवा गिलावा केला. वर काय काढू, असं त्यांनी दीपमालाला विचारलं. तिनं मोराला पिसारा वाढवून मागितला. तो आता भिंतीभर झाला आहे. प्रमाणात मुळीच नाही, पण हत्तीपेक्षा बरा.

त्याच आठवड्यात पाडकामाची नोटीस आली. अठ्ठावीस मे. आणि त्याच रात्री जेवताना भाग्यश्रीनं सांगितलं की मुलगा आहे. ऑफिसातला आहे, दोन वर्षं झाली. बिबवेवाडीचा, नाव साई.

"साई, म्होरं?" कोंडीरामांनी विचारलं.

"साईच. दोनच अक्षरं."

कोंडीरामांनी ताटाच्या कडेला बोटानं लिहून पाहिलं. चार अक्षरांच्या जागेत दोन अक्षरं. मग हळूच म्हणाले, "आन् भिंत?"

"अठ्ठावीसला पाडणार ना? लग्न वीसला करू. आठ दिवस राहील. आठ दिवसांची मला भीती नाही. काढा तुम्ही."

हे सांगायला ते सकाळी सातला माझ्याकडे आले. हसावं की रडावं ते त्यांना ठरवता येत नव्हतं. "साहेब, चाळीस वर्सं टिकायसाठी रंगवलं. आठ दिसासाठी कसं रंगवत्यात, मला ठावं न्हाई."

"बाजारातले डबे आणा. स्वस्तातले. दोन दिवसांत होईल."

"पोरीच्या लग्नाला?" त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी विषय बदलला.

त्यांनी चिंचोके भाजले, भिजवले, कुटले आणि दोन दिवस खळ शिजवली. तो वास आमच्या चारही मजल्यांवर पसरला. मी सोसायटीचा सेक्रेटरी होतो, तक्रारी माझ्याकडे आल्या. मी लिफ्टजवळ सूचना लावली : 'समोरून येणारा वास लग्नाचा आहे. ज्यांना तो सहन होत नाही त्यांनी आपापल्या लग्नातील बँड आठवावा.' पुन्हा तक्रार आली नाही.

मिशांचाही प्रश्न आला. साईचे मामा बिबवेवाडीत स्टेशनरीचं दुकान चालवत, आणि त्यांना मिशीच नव्हती. साईनं त्यांचा फोटो मोबाइलवर दाखवला. कोंडीराम फोन हातात धरून पाच मिनिटं शोधत होते. "न्हाईच," ते म्हणाले, आणि आपल्या मनानं दिल्या. पीळदार, टोकाशी वळलेल्या. मामांनी लग्नाच्या आदल्या दिवशी स्वतःला भालदाराच्या वेषात पाहिलं, आणि तेव्हापासून त्यांनी वरच्या ओठावर वस्तरा फिरवलेला नाही.

साई सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधण्याचं काम करतो. भिंत बघायला आला तेव्हा सवयीनं त्यानं तीही तपासली. "आप्पा, सॉरी, पण हत्तीला पाय पाच आहेत."

"पाचवी शेपूट हाय, जावईबापू."

"मग मागची?"

कोंडीरामांनी मागे जाऊन पाहिलं. "ती पन," ते म्हणाले, आणि विषय मिटला.

हळदीच्या दिवशी त्यांनी नावं लिहिली. मी अनेक पाट्या पाहिल्या आहेत, काही स्वतः लिहिल्या आहेत, पण तसं अक्षर पाहिलेलं नाही. 'भाग्यश्री' लिहायला सकाळपासून दुपार झाली. 'साई' दहा मिनिटांत संपलं, तेव्हा त्यांनी उरलेल्या जागेत दोन राघू बसवले. नगर रस्त्यावरचे ट्रक वेग कमी करून बघत. कंपनीची बस तर दारासमोर पाच मिनिटं उभी राहिली आणि आतली सगळी कार्डवाली मंडळी खिडक्यांना लागली. लग्न झालं. पोरगी बिबवेवाडीला गेली. पुढचे सात दिवस कोंडीराम रोज सकाळी खुर्ची टाकून रस्त्याच्या पलीकडे, म्हणजे आमच्या गेटपाशी, भिंतीकडे तोंड करून बसत. चहा मी पाठवत असे.

अठ्ठावीसला जेसीबी आला. ऑपरेटर भैरू नावाचा, परभणीकडचा. त्यानं भिंत पाहिली आणि इंजीन बंद केलं.

"साहेब, नावं हायेत वर. हळद ताजी दिसतीय. मी नाही बकेट लावत."

सोबतचा अधिकारी कागद दाखवू लागला. तेवढ्यात साईच्या मोटरसायकलवरून भाग्यश्री उतरली. रजा टाकून आली होती. ती सरळ अधिकाऱ्यापाशी गेली.

"सर, एक आठवडा द्या ना. प्लीज. निदान रविवारपर्यंत."

कोंडीराम खुर्चीतून उठले. "अगं, तूच म्हनालीस, आठ दिस."

"म्हणाले होते," ती म्हणाली. "तेव्हा बघितली नव्हती."

आणि ती रडायला लागली. भर रस्त्यात, गळ्यातल्या नव्या मंगळसूत्रासकट. अधिकारी कागदाची घडी घालू लागला आणि उघडू लागला. ऑपरेटर दुसरीकडे बघू लागला. मला कोणालातरी रागवावंसं वाटत होतं, पण रागवण्यासारखं कोणीच नव्हतं.

कोंडीरामांनी आत जाऊन चुन्याची बादली आणि मोठा कुंचला आणला. शिडी लावली. "यंत्र नावावर न्हाई चालवायचं," ते ऑपरेटरला म्हणाले. "आदी नावं मी काढतो. मग भिंत तुमची." वर चढून त्यांनी जावयाची परवानगी मागितली. साईनं मान हलवली, आणि कोंडीरामांनी दोन अक्षरांवरून चुना फिरवला. पाहुणा आधी. मग शिडी खिडकीच्या अलीकडे घेतली आणि 'भाग्यश्री'समोर थांबले. हात वर गेला, खाली आला. पुन्हा वर गेला.

खाली उतरून ते म्हणाले, "हे मला जमायचं न्हाई."

भाग्यश्रीनं डोळे पुसले, पदर खोचला आणि बादली घेऊन शिडी चढली. कोंडीरामांनी खालून दोन्ही हातांनी शिडी घट्ट धरली. पहिल्या हाताला अक्षरं झाकली गेली नाहीत. चुन्याखालून निळं नाव स्वच्छ दिसत होतं.

"उभा मार," कोंडीराम खालून सांगत होते. "आडवा नगं, वघळ येत्यात. आन् घाई करू नगंस. पयला हात सुकू दे."

अधिकाऱ्यानं घड्याळ पाहिलं आणि परत खिशात हात घातले. मे महिन्याचं ऊन होतं, तरी चुना सुकायला पंधरा मिनिटं लागली. तेवढा वेळ आम्ही सगळे थांबलो. मग तिनं दुसरा हात मारला.